वर बसू नका

दिनानाथ कोरगावकरांच्या कपाटात वरच्या फळीवर नऊ शाली होत्या आणि त्यांतली एकही ऊब देणारी नव्हती. सत्काराच्या शाली त्या. घडी उलगडली की पलीकडचं दिसावं इतक्या विरळ. गिरगावातल्या एका शाळेत पस्तीस वर्षं पी.टी. शिकवून दिनानाथ निवृत्त झाले, नेरूळला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, आणि इथल्या मैदानावर पोरं कशीही धावताना बघून राहवेना म्हणून पुन्हा गळ्यात शिट्टी अडकवली. तेव्हापासून वर्षाला एक-दोन शाली ठरलेल्या.

"दहावी आणू नका," डिसेंबरातल्या त्या रविवारी सकाळी त्यांच्या पत्नी जयमालाबाई म्हणाल्या. "नारळ आणा. त्याची चटणी तरी होते."

"आज मी वर बसणारच नाहीये," दिनानाथ बुटाची नाडी बांधत म्हणाले. "शब्द दिलाय."

"कुणाला?"

"गोजराबाईंना."

जयमालाबाईंनी शिट्टी आणून त्यांच्या हातात दिली. गोजराबाईंचं नाव निघालं की त्या घरात थट्टा थांबे.

गोजराबाई खाडीकाठच्या सारसोळे गावच्या. नवरा पंढरी खाडीत होडी घालायचा, त्या बाजारात मासळी विकायच्या. त्यांचा मोठा मुलगा मिथुन म्हणजे दिनानाथांनी नव्या मुंबईत पाहिलेला सगळ्यांत चांगला फुटबॉल खेळाडू. दोन वर्षांपूर्वी, शहाण्णव साली, याच मैदानावर मुलांचा अंतिम सामना होता. मुलं सकाळी धावली, अंग गरम केलं, आणि मग प्रमुख पाहुणे यायचे म्हणून त्यांना मंडपासमोर रांगेत मांडी घालून बसवलं. पाहुणे दीड तास उशिरा आले. मग दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग सत्कार. सत्कार दिनानाथांचाच होता. ते व्यासपीठावर दुसऱ्या खुर्चीत बसले होते, मांडीवर नारळ. खाली पहिल्या रांगेत मिथुन मांड्या चोळत होता. त्यानं एकदा वर पाहिलं, उठू का, असं. दिनानाथांनी हातानं खूण केली. बस.

सामना सुरू झाल्यावर तिसऱ्या मिनिटाला मिथुननं डोक्यानं चेंडू मारायला उडी घेतली. उतरताना त्याचा उजवा गुडघा आत वळला. ओली फांदी पिळावी तसा आवाज झाला आणि तो व्यासपीठापर्यंत ऐकू आला. कुणीतरी धावत जाऊन सुजलेल्या गुडघ्याला तेल लावून जोरजोरात चोळलं, कुणी पाय ओढला, आणि माइकवरून टाळ्यांचं आवाहन झालं. आता मिथुन अठरा वर्षांचा होता. होडी डुलली की त्याचा गुडघा दगा देई, म्हणून तो काठावर बसून जाळी विणायचा. गावातली पोरं त्याच्या मागून लंगडत चालून दाखवायची.

दिनानाथांची एक जुनी विद्यार्थिनी, सुमेधा, मुंबईत फिजिओथेरपिस्ट होती. तिच्याकडे ते मिथुनला घेऊन गेले. तिनं गुडघा तपासला आणि बाहेर येऊन हळूच म्हणाली, "गार अंगानं खेळवलं, ते तर झालंच सर. पण त्याला उतरायला कुणी शिकवलंच नव्हतं."

दिनानाथ मनाशी हिशोब करायला लागले. पस्तीस वर्षं! उंच उडी, लांब उडी, लाकडी घोड्यावरची उडी. 'शाब्बास, आणखी उंच!' म्हणून ओरडायचं, दोरी वर करायची. पोरगं वरून खाली कसं येतं याच्याकडे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. खाली काय, सगळेच येतात.

सुमेधानं त्यांना दोन कागदांवर व्यायाम लिहून दिले. परदेशातल्या खेळाडूंवर करून पाहिलेले आहेत, म्हणाली. रोज वीस मिनिटं, खेळाच्या आधी. एका पायावर उभं राहणं. अर्धी बैठक, पण गुडघा पायाच्या अंगठ्याच्या रेषेत. धावता धावता थांबणं, वळणं. आणि उडी मारून उतरणं. दिनानाथ चौसष्टाव्या वर्षी बाल्कनीत हे सगळं स्वतः करायला लागले. खालच्या मजल्यावरचे लोक विचारायला आले, काय ठोकताय?

त्याच सुमाराला मुलींचा संघ निघाला आणि त्यात यायचं म्हणून मिथुनची बहीण रंजिता, चौदा वर्षांची, हट्टाला पेटली. गोजराबाई पाटी उतरवून मैदानाच्या कडेला दिनानाथांसमोर उभ्या राहिल्या.

"मास्तर, पोराचा गुडगा गेला. हिचा पन गेला तं हिला बायको कोन करील?"

"नाही जाणार. माझी जबाबदारी. शब्द देतो."

गोजराबाईंनी त्यांना निरखलं. मासळी ताजी आहे की बर्फातली, हे बघणारी ती नजर. मग म्हणाल्या, "खेळवा. पन तवा तुमी खाली रावा. वर बसू नका."

म्हणजे व्यासपीठावरून केलेली ती खूण गोजराबाईंनी पाहिली होती. इतके दिवस त्या एका अक्षरानं बोलल्या नव्हत्या, आणि त्यांना सगळं माहीत होतं.

आठ महिने त्यांनी पंधरा मुलींना शिकवलं. त्यांनी सुताराकडून एक गोल फळी करून घेतली, खाली अर्धा लाकडी गोळा ठोकलेली. त्यावर एका पायानं उभं राहिलं की ती सगळीकडं डुले. मुली तिला 'होडी' म्हणत. फ्लॅटमधल्या मुली तीन मोजेपर्यंत खाली. रंजिता मात्र त्यावर उभी राहून केस बांधायची.

"खाडीत जन्मलीस म्हणून," गोलकीपर ईश्वरी म्हणायची.

"तू काय लिफ्टमध्ये जन्मलीस?"

उडीच्या वेळी दिनानाथ डोळे मिटून पाठ करून उभे राहत. "मांजरीसारखं उतरायचं. मला ऐकू आलं तर परत." मागून धप्प आवाज झाला की ते नुसतं बोट वर करत आणि ती मुलगी कुरकुरत पुन्हा रांगेत जाई. पहिला महिना नुसती धप्प धप्प. पोत्यांची हमाली चाललीय असं वाटे. सहाव्या महिन्यात एकदा पंधराच्या पंधरा उड्या झाल्या आणि त्यांना काहीच ऐकू आलं नाही. त्यांना वाटलं मुली पळून गेल्या. वळून पाहिलं तर सगळ्या उभ्या, तोंड दाबून हसत.

आणखी एक नियम त्यांनी घालून दिला होता. "दहा मिनिटांपेक्षा जास्त बसलात की अंग गार झालं समजायचं. उठायचं, पुन्हा करायचं, मगच चेंडू. कोण सांगतंय, बघायचं नाही."

"तुम्ही सांगितलंत तरी?" रंजितानं विचारलं होतं.

"मी सांगितलं तरी."

क्लबचे सेक्रेटरी स्वानंद टिपणीस यांना या सगळ्याचा वैताग होता. टिपणीस बँकेत नोकरीला, पण जीव माइकमध्ये. "सर, ही सर्कस किती दिवस? चेंडू कधी देणार?" ते विचारायचे. "कोपरखैरण्याच्या मुली रोज दोन तास मॅच खेळतात."

"आणि त्यांच्या किती मुली पाय धरून घरी बसल्यात?"

"ते मी कशाला विचारू?"

हे असं सगळं मागं होतं. म्हणून त्या रविवारी दिनानाथ मैदानावर पोचले ते मनाशी घोकतच, वर बसायचं नाही. सामना कोपरखैरण्याशी, नऊ वाजता. जिल्ह्याच्या संघासाठी मुली निवडायला दोन गृहस्थ येणार होते, त्यामुळं रंजिता पहाटेपासून तिथंच होती. साडेआठला व्यायाम सुरू झाला, पावणेनऊला मुलींची कपाळं घामानं चमकायला लागली. मग माइक खरखरला.

"सर्व खेळाडूंनी मंडपासमोर बसून घ्यावे. साहेब निघालेले आहेत."

साहेब म्हणजे प्रमुख पाहुणे. निघालेले आहेत म्हणजे उठलेले आहेत, हे मैदानावरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. मुली बसल्या. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. व्यासपीठावरच्या हारांभोवती माश्या घोंगावत होत्या. निशिगंधाचा तो गोडसर, शिळा वास उन्हानं आणखी वाढला. समितीचे लोक पाठमोरे उभे राहून कागदी बशीतले सामोसे खात होते आणि तेलकट बोटं मंडपाच्या झालरीला पुसत होते. एकानं तर चटणीचा द्रोण मुलींच्या रांगेजवळच टाकला. एका लहानग्या मुलीनं तो उचलून कडेला नेऊन ठेवला, तेव्हा तो हसून म्हणाला, "गुड गर्ल."

दहा वाजता दिनानाथ टिपणिसांकडे गेले. "मुलींना उठू द्या. पंधरा मिनिटं हालचाल करतील."

"सर, प्लीज. साहेब वाशीला पोचलेत. ते आले आणि मुली पळताना दिसल्या तर कसं दिसेल?"

"मग आल्यावर, भाषणं झाली की पंधरा मिनिटं द्या."

"आल्यावर साहेब लगेच किकऑफ करणार, त्यांना बाराला दुसरीकडे फीत कापायचीय. तुम्ही टेन्शन घेऊ नका हो. आणि या वर, तुमचं नाव आहे यादीत."

"मी खाली बरा."

"असं कसं? सर, पाच मिनिटं. छापलंय पत्रिकेत."

टिपणिसांनी हाताला धरलं. मागून आणखी एकानं पाठीवर हात ठेवला. त्याच क्षणी फाटकातून गाड्या शिरल्या, सनई लागली, आणि माइकवरून 'ज्येष्ठ क्रीडामार्गदर्शक' असं नाव पुकारलं गेलं. शेपन्नास माणसं वळून बघायला लागली. चारचौघांत नाही म्हणायची दिनानाथांना सवय नव्हती. जन्मात नव्हती. दोन पायऱ्या चढून ते वर गेले आणि कुणीतरी त्यांना खुर्चीत बसवलं. त्या वेळसारखीच, दुसरी खुर्ची.

अंगावर दहावी शाल पडली. मांडीवर नारळ आला. त्यांना स्वतःची अशी शिसारी आली की हातातला नारळ दुसऱ्याच कुणाचातरी असल्यासारखा ते धरून राहिले.

मैदानाच्या दोरीपलीकडं, रिकामी पाटी कमरेला लावून, गोजराबाई उभ्या होत्या. बाजार आटोपून आल्या असाव्यात. त्या मुलीकडे बघत नव्हत्या. वर बघत होत्या.

साहेब उभे राहिले. गळ्यातले हार काढून मागं दिले, ते मागच्यानं नेमके दिनानाथांच्या मांडीवर टाकले. "मुली आता कशात मागं नाहीत," साहेब म्हणाले. "पूर्वी घरात लाथा झाडायच्या, आता मैदानात झाडतात!" समिती खो खो हसली. निवड समितीचे दोघेही हसले. त्यांतल्या एकाच्या दातात कोथिंबीर होती. खाली पंधरा आणि पंधरा, तीस मुली मांडी घालून उन्हात बसल्या होत्या, आणि एकही हसली नाही.

साहेब महिलांच्या प्रगतीवर आले, तिथून रस्त्यावर, तिथून विमानतळावर. सव्वा तास, दीड तास. दिनानाथ घड्याळ बघत होते. आता उठावं. या वाक्यानंतर उठावं. हे वाक्य संपलं की.

तेवढ्यात रंजिता उठली.

पहिल्या रांगेत, साहेबांच्या ऐन समोर, ती उभी राहिली, तिनं हात कमरेवर ठेवले आणि डावा पाय उचलला. घोषणा नाही, दंगा नाही. नुसती एका पायावर उभी. मग ईश्वरी उठली. मग तिच्या शेजारची. बघता बघता पंधरा मुली बगळ्यांसारख्या उभ्या राहिल्या.

साहेबांचं वाक्य अडखळलं.

"ए, खाली बसा!" समितीतला एक जण दबक्या आवाजात खेकसला. "काय बेशिस्त आहे ही?"

टिपणीस वाकून दिनानाथांच्या कानाशी आले. तोंडाला सामोशाचा वास. "सर, बसवा त्यांना. तुमचंच ऐकतील. पटकन!" आणि दुसरा माइक त्यांच्या हातात कोंबला.

दिनानाथ उभे राहिले. हार पायात पडले. 'खाली बसा' हे दोन शब्द पस्तीस वर्षांच्या सवयीनं जिभेवर तयार होते. हजारो मुलांना त्यांनी ते सांगितलेले होते, पाहुण्यांसाठी, इन्स्पेक्टरसाठी, पालकमंत्र्यांसाठी. रंजितानं वर पाहिलं. मिथुननं पाहिलं होतं तसंच. फक्त ती विचारत नव्हती. तिचा पाय वरच होता.

"रंजिता," दिनानाथ माइकमध्ये म्हणाले, आणि आवाज सगळ्या मैदानावर घुमला, "गुडघा आत चाललाय. अंगठ्याच्या रेषेत आण."

तिनं आणला.

"आता सगळ्यांनी. हळूहळू खाली. एक… दोन… तीन… वर."

त्यांनी नारळ खुर्चीत ठेवला, त्यावर शाल टाकली आणि दोन पायऱ्या उतरून खाली आले. आता आरडाओरडा होईल, आपल्याला हाकलतील, याची त्यांनी तयारी केली होती. ते बरंही वाटलं असतं. पण मागून टिपणिसांचा आवाज आला, मधासारखा:

"साहेब, हे… हे प्रात्यक्षिक! आमच्या क्लबचा अभिनव उपक्रम. खास आपल्यासाठी!"

"असं होय!" साहेब खुलले. "वा, वा!" त्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. फोटोग्राफर धावला. साहेब स्वतः खाली आले, मुलींच्या मध्ये उभे राहिले, आणि टिपणिसांच्या खांद्याचा आधार घेऊन त्यांनी क्षणभर एक पाय वर केला. क्लिक. कोपरखैरण्याच्या मुली तोंडाला हात लावून बघत होत्या. दिनानाथांनी तोंड फिरवलं. यांच्यापुढं रागावून उपयोग नाही, भांडून उपयोग नाही. काहीही पुढं केलं तरी ही माणसं ते हार म्हणून गळ्यात घालतील.

"चला, किकऑफ!" साहेब म्हणाले.

"अजून बारा मिनिटं लागतील," दिनानाथ म्हणाले. मुलींकडे बघत, साहेबांकडे न बघता.

टिपणिसांनी घाईघाईनं चेंडू साहेबांच्या पायाशी ठेवला. साहेबांनी तो कडेला, कुणीच नव्हतं तिकडं मारला, फोटो झाला, आणि गाड्या निघाल्या. त्यांच्यामागून निवड समितीचे दोघेही निघाले. साहेबांबरोबर जेवण होतं.

रंजिता धावता धावता थांबली. "सर, ते गेले?"

"गेले." त्यांना तिच्या डोळ्यांत बघवेना. आठ महिने ती या दोघांसाठी राबली होती. "मी उठलो नसतो तर थांबले असते, पोरी. लगेच सामना झाला असता."

रंजितानं गाड्यांच्या धुळीकडे पाहिलं, नाक पुसलं. "तुमी नाय, आदी मी उठले," ती म्हणाली. "जाव दे. पोट भरला की येतील परत." पण आवाज जड होता, आणि पुढची सगळी बारा मिनिटं तिची नजर फाटकाकडे जात राहिली.

दिनानाथांनी कोपरखैरण्याच्या मुलींनाही बोलावून घेतलं. त्यांच्या सरांनी आधी खांदे उडवले, मग जाऊ दिलं. त्यांच्या उड्या धप्प धप्प वाजत होत्या. एका दिवसात ते जाणार नव्हतं.

सामना रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला. मांडववाला सनईच्या कॅसेटी गोळा करत होता. कावळे बश्यांवर उतरले होते. मध्यंतर होऊन खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा नेरूळ एका गोलनं मागं होतं. टिपणीस शाल आणि नारळ घेऊन दिनानाथांजवळ आले. भलतेच खूश.

"सर, विसरलात. अहो, साहेब जाम इम्प्रेस झाले! मी काय म्हणतो, पुढच्या वर्षीपासून हे प्रात्यक्षिक कार्यक्रमातच टाकू. सुरुवातीलाच. आधी मुलींचं प्रात्यक्षिक, मग त्यांना बसवायचं, मग निवांत भाषणं."

दिनानाथांनी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर कपट नव्हतं, काहीच नव्हतं. वर्गात कित्येक मठ्ठ पोरं त्यांनी पाहिली होती आणि एकाचाही त्यांना कधी कंटाळा आला नव्हता. दहा वेळा सांगावं, अकराव्या वेळी कळतं, हा त्यांचा पस्तीस वर्षांचा विश्वास. इथं मात्र त्यांना तोंड उघडावंसंच वाटेना.

मैदानावरून कुणीतरी ओरडलं. चेंडू उंच आला होता, मैदानाच्या त्या भागात, जिथं मिथुन पडला होता. रंजिता धावत आली, तिच्याबरोबर समोरची एक दांडगी मुलगी. दोघींनी उडी घेतली.

दिनानाथांनी डोळे मिटले. ठरवून नाही, सवयीनं.

एक धप्प ऐकू आलं. एकच.

त्यांनी डोळे उघडले. दांडगी मुलगी मातीत बसली होती, कोपर झटकत. रंजिता उभी होती. गुडघे वाकलेले, अंगठ्याच्या रेषेत. मग ती वळली आणि पळाली. चेंडू कुठं गेला ते दिनानाथांनी पाहिलंच नाही.

नेरूळ हरलं, दोन एक. मुली पाणी प्यायला गेल्या. गोजराबाई दोरीखालून वाकून आत आल्या. त्यांनी आधी रंजिताला पकडलं, तिथंच मातीत बसून तिचे दोन्ही गुडघे बोटांनी दाबून पाहिले, एक, मग दुसरा. "आये, सोड, सगले बघतान!" रंजिता ओरडली आणि निसटून गेली.

गोजराबाई उठल्या. दिनानाथ मान खाली घालून उभे होते. बगलेत टिपणिसांनी कोंबलेली शाल, हातात नारळ.

"बसलो होतो वर," ते म्हणाले. "दीड तास. तुम्ही बघितलंत."

"बगितला."

"ती उठली म्हणून मी उठलो."

"ता पन बगितला," गोजराबाई म्हणाल्या. त्यांनी शालीचं टोक दोन बोटांत धरून चोळून पाहिलं, उन्हासमोर धरलं आणि नाक मुरडलं. "ह्या तं मासली झाकाया पन नाय कामाचा, मास्तर."

मग त्यांनी नारळ कानाशी धरून हलवला.

"आनि ह्यो कुजका हाय," त्या म्हणाल्या, आणि मुलीच्या मागं चालू लागल्या.